मध्ये पडण्याची किंमत कोणी मोजायची?

शाळेत एखाद्या मुलाचा महिनोन्महिने छळ होतो, वर्गातील चाळीस मुले तो पाहतात, आणि एकही पुढे येत नाही. असे प्रकरण वर्तमानपत्रांत आले की एक ठरावीक विलाप सुरू होतो. आजच्या पिढीची संवेदना बोथट झाली, मोबाईलने मुलांची मने मारली, घरात आजी-आजोबा उरले नाहीत, संस्कार संपले. विलापापाठोपाठ उपायही ठरलेला असतो. मूल्यशिक्षणाचा एक तास वाढवा, एखाद्या समुपदेशकाचे व्याख्यान ठेवा, ‘दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा’ असे मुलांना सांगा. परिपत्रक निघते, भिंतीवर तक्ते लागतात, आणि पुढचे प्रकरण उद्भवेपर्यंत सर्वांची सदसद्विवेकबुद्धी स्वस्थ झोपी जाते.

या साऱ्या व्यवहाराच्या बुडाशी एक गृहीत आहे. मुले मध्ये पडत नाहीत, कारण त्यांना पीडिताचे दुःख जाणवत नाही. म्हणून ते जाणवायला शिकवले की काम भागले. प्रस्तुत लेखकाच्या मते हे गृहीत चूक आहे. इतकेच नव्हे, तर ते फार सोयीचे आहे. सोयीचे कोणाला, ते ओघाने येईलच.

शालेय छळाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया स्कँडिनेव्हियात घातला गेला. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेतील तीन कोवळ्या मुलांनी आत्महत्या केल्या, आणि सोबत्यांनी केलेला छळ हे त्यामागचे कारण असावे अशी चर्चा झाली. १९८३ मध्ये नॉर्वे सरकारने देशभर मोहीम हाती घेतली. बर्गेन येथील संशोधक डान ओल्वेयस यांनी छळाची जी व्याख्या रूढ केली, तीत तीन गोष्टी आहेत: इजा करण्याचा हेतू, वारंवार घडणे, आणि दोन्ही पक्षांच्या बळातील असमतोल. आपल्याकडे पहिल्या दोन गोष्टींवर पुष्कळ बोलले जाते. तिसरी विसरली जाते. वस्तुतः सारा प्रश्न त्या तिसऱ्या गोष्टीत आहे. बळ समान असेल तर तो छळ नसतो, ते भांडण असते. आणि मुलांची भांडणे मुलांनी मिटवावीत, याला कोणाचीच हरकत नाही.

पुढे फिनलंडमधील तुर्कू येथे क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. बारा-तेरा वर्षांच्या ५७३ मुलांना त्यांनी एकमेकांच्या वागण्याविषयी विचारले. छळ ही दोघांतील घटना नसून साऱ्या वर्गाचे ते नाट्य असते, असे त्यातून दिसले. छळणारा असतो, त्याला हात देणारे असतात, खिदळून चेव आणणारे असतात, अलिप्त राहणारे असतात, आणि पीडिताची बाजू घेणारेही असतात. बाजू घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १७ टक्के निघाले. अलिप्त राहणारे जवळजवळ २४ टक्के होते. म्हणजे ज्याला आपण ‘अपवादात्मक धैर्य’ म्हणतो ते सहा मुलांमागे एकाकडे असते. सहात एक, हे काही दुष्काळाचे लक्षण नव्हे.

२००१ साली प्रसिद्ध झालेला कॅनडातील एक अभ्यास तर अधिक बोलका आहे. टोरांटोच्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवर दूरवर कॅमेरे ठेवून आणि मुलांच्या अंगावर छोटे ध्वनिग्राहक लावून छळाच्या घटनांचे चित्रण करण्यात आले. त्यांतील ८८ टक्के घटनांच्या वेळी इतर मुले तेथे हजर होती. मध्ये पडली मात्र केवळ १९ टक्के प्रसंगांत. आणि आता पुढचा आकडा पाहा. जेव्हा कोणी मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के प्रसंगांत, दहा सेकंदांच्या आत छळ थांबला. दहा सेकंद! कोणतेही परिपत्रक, कोणतीही समिती, कोणताही समुपदेशक एवढ्या वेगाने काम करीत नाही. उपाय वर्गातच उभा आहे. तो हात वर का करीत नाही, एवढाच प्रश्न आहे.

येथे ‘समानुभूती’ या शब्दाची थोडी फोड केली पाहिजे. मानसशास्त्रज्ञ तिचे दोन भाग करतात. दुसऱ्याला काय वाटत असेल ते ओळखणे हा एक, आणि त्याच्या वेदनेने आपणही कळवळणे हा दुसरा. आपले मूल्यशिक्षण बहुतांशी पहिल्या भागाचे आहे. ‘त्याला काय वाटले असेल, दहा ओळी लिहा.’ पण दुसऱ्याच्या मनातील ओळखण्याची कला छळणाऱ्यालाही चांगली अवगत असते. इंग्लंडमधील काही संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की छळ करणाऱ्या टोळक्यांचे म्होरके दुसऱ्याचे मन वाचण्यात मुळीच मंद नसतात, उलट तरबेज असतात. कोणत्या शब्दाने घाव बसेल, कोणाच्या देखत बोलले म्हणजे तो खोल जाईल, हे मन वाचल्यावाचून कळत नाही. जातीवरून, बापाच्या धंद्यावरून, आईच्या धुणीभांड्यांवरून टोमणा मारणारा मुलगा समोरच्याची दुखरी जागा नेमकी जाणतो. त्याला आणखी जाणायला शिकवून काय साधणार?

कळवळ्याचे काय? तो असणारी मुले पीडिताच्या बाजूने उभी राहण्याची शक्यता अधिक असते, हे अनेक देशांतील अभ्यासांतून आढळले आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु इटलीतील किशोरवयीन मुलांवरील एका अभ्यासाने (२००८) या चित्रातील मोठी गोम उघड केली. पीडिताची बाजू घेणारी मुले आणि गप्प बसून पाहणारी मुले, या दोन्ही गटांत समानुभूती चांगलीच होती. गप्प बसणारे निबर नव्हते; त्यांनाही लागत होते. मग फरक कशात होता? ‘आपण पुढे झालो तर आपल्याला निभावता येईल’ या भरवशात. एकाला तो होता, दुसऱ्याला नव्हता.

त्याहून चमत्कारिक गोष्ट वयाची. बालपण सरून किशोरवय येते, तशी दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पण्याची शक्ती वाढत जाते. आणि तरीही लहान मुलांच्या मानाने मोठी मुले मध्ये कमी पडतात, असे पुनःपुन्हा आढळून आले आहे. चौथीतला मुलगा धावत जाऊन बाईंना सांगतो. आठवीतला खिडकीबाहेर पाहतो. संवेदनेचा अभाव हेच कारण असते तर उलटे घडायला हवे होते. आठवीतल्या मुलाची संवेदना कमी झालेली नाही. त्याला जग अधिक कळू लागले आहे. मध्ये पडणाऱ्याचे काय होते, ते त्याने पाहिलेले आहे.

चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकविल्यामुळे मला या ठिकाणी आमच्या शास्त्राच्या मूळपुरुषाची आठवण होते. ॲडम स्मिथ म्हटले की लोकांना बाजार आणि स्वार्थ एवढेच आठवते. पण त्याचा पहिला ग्रंथ नीतिभावनांवरचा, १७५९ सालचा, आणि त्याचा आरंभच सहानुभूतीपासून होतो. त्या ग्रंथात त्याने एक दृष्टांत दिला आहे. चीनमध्ये प्रचंड भूकंप होऊन असंख्य माणसे गडप झाली, तर युरोपातला एखादा सज्जन माणूस हळहळेल, मानवी जीवनाच्या नश्वरतेवर चार शब्द बोलेल आणि रात्री गाढ झोपेल. उद्या आपली करंगळी कापली जाणार आहे, असे कळले तर मात्र त्याला रात्रभर झोप येणार नाही. स्मिथचा निष्कर्ष असा की माणसाला स्वार्थाविरुद्ध उभे करण्याचे काम नुसत्या मायाळू भावनेच्याने होत नाही. त्यासाठी विवेकाचा, अंतरातील निःपक्ष साक्षीदाराचा धाक लागतो. बाजाराच्या भक्तांनी ज्याला आपला ऋषी केले, त्यालाही करुणेच्या मर्यादा ठाऊक होत्या. आमच्या शिक्षण खात्याला त्या ठाऊक नसाव्यात, हे नवल आहे.

महाराष्ट्राने तर करुणेचे आणखीच वाटोळे केले आहे. साने गुरुजींना आपण अश्रूंचे लेखक करून ठेवले. अमळनेरच्या शाळेतला हा मास्तर मुलांसाठी रडला, हे सर्वांना पाठ असते. पण १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्याच मास्तराने आधी गावोगाव दौरा केला आणि मग प्राण पणाला लावून उपोषण केले, हे सांगताना आवाज खाली येतो. त्यांची करुणा डोळ्यांतून वाहून संपली नाही. ती मंदिराच्या बडव्यांच्या वाटेत जाऊन बसली. वाटेत बसण्याची किंमत असते. ती त्यांनी मोजली.

आता वर्गातल्या मुलाचा हिशेब पाहू. छळ थांबला तर त्याचा लाभ साऱ्या वर्गाला होतो. भीती कमी होते, वर्ग मोकळा होतो. तो थांबविण्याचा खर्च मात्र जो एकटा उठतो त्याच्या अंगावर पडतो. उद्या डबा त्याचा सांडला जाणार, नाव त्याला पडणार, क्रिकेटच्या संघातून तो वगळला जाणार. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना आणि खर्च एकाला, ती वस्तू पुरेशी निर्माण होत नाही. मॅनकर ओल्सन यांनी १९६५ साली सामूहिक कृतीविषयी लिहिताना हेच तत्त्व मांडले. कारखान्यातील संघटना बांधताना आमच्या कामगार मित्रांना ते ओल्सन न वाचताच समजले होते. पहिला बोलणारा कामावरून जातो. म्हणून पहिल्याने एकट्याने बोलायचे नाही, आणि बोलला तर त्याला वाऱ्यावर सोडायचे नाही. कामगाराला आपण ‘मालकाविषयी तुला मुळात काही वाटतच नाही’ असे म्हणत नाही. शाळकरी मुलाला मात्र बिनदिक्कत म्हणतो.

शिवाय कामगार कारखाना सोडू शकतो, निदान कागदोपत्री तरी. मुलाला वर्ग सोडता येत नाही. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात बिघडलेल्या संस्थेतील माणसापुढचे मार्ग सांगितले: बाहेर पडणे, किंवा आवाज उठविणे. पैसेवाला पालक आपल्या मुलाला दुसऱ्या शाळेत घालतो. त्याला बाहेर पडण्याचा मार्ग खुला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या, आश्रमशाळेतल्या मुलाला तो नाही. त्याला राहिला आवाज. आणि आवाजाची किंमत आपण वर पाहिली.

ही किंमत सर्वांना सारखी पडत नाही, हे तर फारच महत्त्वाचे. फिनलंडमधील चौथी आणि आठवीच्या मुलांच्या पाहणीत (२०१०) असे दिसले की कळवळा आणि आत्मविश्वास यांचे कृतीत रूपांतर होणे मुलाच्या वर्गातील स्थानावरही अवलंबून असते. ज्याचा वर्गात दबदबा आहे त्याला दुर्बळाची बाजू घेणे परवडते. २००७ साली कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात नववीतल्या एका नव्या मुलाला गुलाबी सदरा घातल्याबद्दल मारहाणीच्या धमक्या मिळाल्या. बारावीतल्या दोन मुलांनी स्वस्त दुकानातून ५० गुलाबी सदरे आणून दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात वाटले. त्या दोघांचे जगभर कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण ती मुले बारावीतली होती, शाळेत सर्वांत वरच्या पायरीवर उभी होती, आणि त्यांनी एकट्याने नव्हे तर पन्नास जणांनी उभे राहण्याची सोय केली, हे कौतुकाच्या भरात कोणी पाहिले नाही. करुणा अधिक बळ अधिक संख्या, असे ते गणित होते. आपण मुलांना त्यातला पहिला आकडा शिकवतो आणि उत्तराची वाट पाहत बसतो.

आता भारतीय वर्गात या. युरोपातल्या वर्गातील ‘स्थान’ बरेचसे वर्गातच ठरते: खेळ, रूप, धिटाई. आपल्याकडे ते मूल जन्मताच ठरून येते आणि गाव ते शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला येतो. डॉ. आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतील आपल्या दिवसांविषयी लिहून ठेवले आहे. बसायला गोणपाटाचा वेगळा तुकडा, तो रोज घरी न्यायचा आणि आणायचा, कारण शाळेचा नोकर त्याला शिवत नसे. शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी तहान. त्या वर्गात इतर मुलेही होती. त्यांतल्या एकाही मुलाला, एकदाही, वाईट वाटले नसेल? मला ते शक्य वाटत नाही. पण तेथे छळ करणारा कोणी टारगट विद्यार्थी नव्हता. छळ ही शाळेची व्यवस्थाच होती; घंटा आणि हजेरीसारखी. ती मोडायला आठ-नऊ वर्षांच्या मुलाने नळाला हात लावायचा, तर त्याला मास्तर, शिपाई, बाप आणि गाव अशा चौघांना तोंड द्यायला हवे होते.

शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून ती झटकता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यातील नांगुनेरी येथे बारावीत शिकणाऱ्या एका दलित मुलाने वरच्या म्हणविणाऱ्या जातीच्या सहाध्यायांच्या जाचाला कंटाळून शाळेत जाणे टाळले. शाळेत चौकशी झाली, त्याने छळणाऱ्यांची तक्रार केली. त्यानंतर रात्री घरात घुसून त्याच्यावर कोयत्याने वार करण्यात आले. मध्ये पडली ती त्याची धाकटी बहीण. तीही जखमी झाली. त्या वर्गात काय चालले होते हे अनेकांना ठाऊक असणार. त्यांच्या मौनाला आपण संवेदनाशून्यता म्हणायचे काय? तक्रार करणाऱ्याची जी गत झाली ती पाहता, ते मौन हा आपल्या समाजाविषयीचा अचूक अंदाज होता.

तमिळनाडू सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची एकसदस्य समिती नेमली आणि जून २०२४ मध्ये तिचा अहवाल आला. मुलांनी जात दाखविणारे रंगीत गंडे मनगटावर बांधू नयेत, शाळांच्या नावांतून जातीचे उल्लेख काढावेत, यांसारख्या शिफारशी त्यात आहेत. त्यांतली एखादी शिफारस कोणाला अव्यवहार्य वाटेल. पण अहवालाची नजर योग्य जागी आहे. बळ कोठून येते, आणि शाळा त्या बळाला कोठे कोठे पायऱ्या बांधून देते, ते शोधण्याचा प्रयत्न त्यात आहे. मुलांच्या मनाचा डागडुजीखाना काढा, असे सांगून तो मोकळा झालेला नाही.

म्हणूनच संवेदनेच्या अभावाचे निदान सोयीचे, असे मी आरंभी म्हटले. दोष मुलाच्या मनात ठेवला की संस्थाचालकाला, खात्याला, गावच्या पुढाऱ्याला आणि आपल्यासारख्या सुशिक्षित पालकांना काहीच करावे लागत नाही. व्याख्यानाला खर्च थोडा येतो, आणि त्याने कोणाचा हितसंबंध दुखावत नाही.

याचा अर्थ करुणेला किंमत नाही असा नव्हे. आमच्या शास्त्राच्या भाषेत ती आवश्यक अट आहे, पुरेशी अट नाही. तिच्यावाचून वर्गातला बलवान मुलगा आपले बळ दुबळ्यासाठी खर्च करणार नाही. आमच्याच काही मित्रांना वाटते की समाजरचना बदलली म्हणजे हे आपोआप सुटेल, तोवर शाळांच्या भानगडींत कशाला शिरा. त्यांना एवढेच सांगायचे की आठवीतले मूल समाजरचना बदलेपर्यंत आठवीत थांबत नाही.

प्रश्न असा की करुणा उपजते कशी आणि तिला हात-पाय कसे फुटतात. याचे एक उत्तर दिल्लीहून आले आहे, आणि ते एका अर्थशास्त्रज्ञाने आणले याचा मला थोडा व्यावसायिक अभिमान वाटतो. सवलतीच्या भावात सरकारी जमीन मिळालेल्या दिल्लीतील श्रीमंत खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांसाठी जागा राखून ठेवणे भाग पडले. काही शाळांत हे आधी झाले, काहींत नंतर, काही वर्गांत झाले आणि वरच्या वर्गांत नाही. या फरकाचा उपयोग करून गौतम राव यांनी श्रीमंत मुलांच्या वागण्याची तुलना केली. २०१९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या वर्गात गरीब मुले होती ती श्रीमंत मुले अधिक उदार निघाली. गरीब मुलांसाठी निधी जमवायला सुटीच्या दिवशी शाळेत येण्यास ती अधिक तयार झाली. पळण्याच्या शर्यतीसाठी साथीदार निवडताना, गरीब आहे म्हणून चपळ मुलाला टाळण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी होते. यातला सर्वांत मोलाचा तपशील असा, की काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरांवरून पाडले जात, त्यामुळे कोणाच्या गटात गरीब मूल येणार हे केवळ योगायोगाने ठरे. आणि असा प्रत्यक्ष सहवास ज्यांना लाभला त्यांच्यात हा पालट विशेष दिसला. मूल्यशिक्षणाच्या तासाने तो झालेला नव्हता. एका बाकावर बसून एक गणित सोडविताना तो झाला. श्रीमंत मुलांच्या इंग्रजीच्या गुणांत किंचित घट दिसली, हिंदी आणि गणितात दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. त्या किंचित इंग्रजीसाठी आपला मध्यमवर्ग काय काय सोडायला तयार आहे, ते पुढे पाहा.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांना दिल्या. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. दोन्ही तरतुदी एकाच कायद्यात आहेत हा योगायोग मानू नये. आणि आपल्या पुरोगामी महाराष्ट्राने काय केले? ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलून ठरविले की एक किलोमीटरच्या आत सरकारी अथवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर हे बंधन राहणार नाही. अर्थ स्पष्ट होता: तुमची मुले तुमच्या शाळेत, आमची आमच्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्दबातल ठरविला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्याचे नाकारले. न्यायालये नसती तर एका शासकीय अधिसूचनेने शहरांतील हजारो मुलांचा तो एक बाक कायमचा काढून नेला असता. ज्या राजवटीने हे केले, तिचेच खाते संवेदनेची शिबिरे भरविणार! हे म्हणजे विहीर बुजवून पाण्याचे महत्त्व सांगणे झाले.

फिनलंडचे उदाहरण अलीकडे ऊठसूट दिले जाते, तेव्हा तेही पुरते पाहावे. तुर्कू विद्यापीठाने छळाविरुद्ध जो कार्यक्रम तयार केला, त्याला तेथील शिक्षण मंत्रालयाने २००६ पासून पैसा दिला आणि २००९ पासून तो देशभर नेला. छळ झाल्यास शिक्षकांचे ठरलेले पथक प्रकरण हाती घेते, आणि वर्गात ज्यांचा शब्द चालतो अशा मुलांना पीडिताची सोबत करण्याचे काम विश्वासाने सोपविले जाते. म्हणजे मध्ये पडणाऱ्यामागे संस्था उभी राहते. छळ त्याने कमी झाला, नाहीसा झाला नाही. पण हा कार्यक्रम ज्या जमिनीवर रुजला ती कोणती? १९७० च्या दशकात फिनलंडने सर्व थरांतील मुलांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा केली. १९४८ पासून तेथे प्रत्येक मुलाला शाळेत फुकट जेवण मिळते, डॉक्टरच्या मुलालाही आणि झाडूवाल्याच्या मुलालाही, एकाच रांगेत. आपल्याकडे कोठारी आयोगाने १९६६ साली नेमके हेच सांगितले होते: समान शाळा, शेजारशाळा. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ते मान्य केले, १९८६ च्या धोरणाने पुन्हा मान्य केले. दोनदा मान्य करून एकदाही न करणे, यात आपला हात धरणारा कोणी नाही.

एक आक्षेप नेहमी येतो. आम्हीही शाळेत मार खाल्ला, टोपणनावे सोसली, त्याने आमचे काय बिघडले? असे म्हणणारे प्रायः वरच्या थरातले पुरुष असतात. त्यांची टोपणनावे ‘जाड्या’ आणि ‘चष्मीस’ यांपलीकडे गेलेली नसतात. ज्यांना बापजाद्यांच्या जातीने हाक मारली गेली ते हा आक्षेप घेत नाहीत. त्यांतले बरेचसे तर आक्षेप घेण्याइतके दिवस शाळेत टिकलेच नाहीत.

दुसरा आक्षेप मुख्याध्यापकांकडून येतो आणि तो अधिक गंभीर आहे. मुलांनी तक्रार करावी म्हणून आम्ही तक्रारपेटी लावली, कॅमेरे बसविले, कोणी येतच नाही, मग आम्ही काय करणार? येणार कसे? पेटी कार्यालयाच्या दारात, शिपायाच्या डोळ्यांसमोर. तक्रार वाचली की मुख्याध्यापक दोघांना समोरासमोर बोलावतात आणि तासाभरात साऱ्या शाळेला नाव कळते. तक्रार करणाऱ्याचे आणि साक्ष देणाऱ्याचे नाव फुटणार नाही, फुटले तर ते फोडणाऱ्यावर कारवाई होईल, आणि साक्षीनंतरचे काही महिने त्या मुलाकडे कोणी जाणता माणूस लक्ष ठेवील, एवढी हमी जी शाळा देईल तिची पेटी रिकामी राहणार नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. त्यात छळणाऱ्याला शिक्षा आहे. मध्ये पडणाऱ्याला संरक्षण काय, हा प्रश्न शाळांच्या बाबतीत तरी आपल्या विधिमंडळात कोणीतरी नेटाने विचारायला हवा, आणि तो आपल्या पक्षाच्या लोकांनी विचारावा अशी माझी अपेक्षा आहे.

पण ही हमी देणार कोण? शेवटी वर्गात उभा असतो तो शिक्षक. २००० सालापासून महाराष्ट्रात नवा शिक्षक ‘शिक्षण सेवक’ म्हणून लागतो आणि तीन वर्षे ठोक मानधनावर राबतो. कित्येक वर्षे ६,००० रुपयांवर रखडलेले प्राथमिक सेवकाचे मानधन २०२३ मध्ये १६,००० झाले, तेही बऱ्याच झगड्यानंतर. खासगी संस्थेत त्याची मान संस्थाचालकाच्या हातात, आणि संस्थाचालक पुष्कळदा तालुक्याचा पुढारी. त्याच पुढाऱ्याचा पुतण्या मागच्या बाकावर बसून पारध्याच्या मुलाचे दप्तर खिडकीबाहेर फेकतो. सेवक फळ्याकडे तोंड करून लिहीत राहतो. त्यालाही मुले आहेत, त्यालाही कळवळा आहे, आणि तीन वर्षे पुरी व्हायला अजून चौदा महिने आहेत. चाळीस मुले हे पाहत असतात.